पाणलाव्याची खाचरे

भाताची कापणी उरकली की मावळातील ओलसर खाचरांत पाणलावा उतरतो. उत्तरेकडून आलेला हा हिवाळी पाहुणा लांब, सरळ चोच चिखलात खुपसून किडे व गांडुळे टिपतो. मातकट पट्ट्यांच्या पिसाऱ्यामुळे पाऊल जवळ पडेपर्यंत तो दिसत नाही. उडाला की नागमोडी जातो. त्याची शिकार दुष्कर, म्हणूनच हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांत ‘स्नायपर’ हा शब्द रूढ झाला. शब्द जगभर गेला. पक्षी मात्र आपल्याच कायद्यात बेघर आहे.

केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरे, नद्यांची पात्रे आणि सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. मग कामशेत-वडगावची खाचरे, इंद्रायणीचे पात्र, पवना धरणाचा काठ यांतले उरले काय? गंमत अशी की, रामसर यादीत महाराष्ट्रातून प्रथम गेलेले नांदूरमध्यमेश्वर हेही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले!

वडगाव मावळच्या संशोधन केंद्राच्या ‘इंद्रायणी’ वाणाने १९८७ पासून खाचर राखण्यास शेतकऱ्याला कारण दिले. पुढे द्रुतगती मार्ग झाला, लोणावळ्याभोवती जमिनीला बंगल्यांचा भाव आला. विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण व्याख्या त्याने लिहिलेली नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. तिच्यात खाचर आणि पाणलावा यांची नोंद करण्यास दिल्लीची अनुमती लागत नाही.