आजारी कामगाराचा पगार कोणाच्या खिशात?

उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत राबणारा आपला कामगार आजारी पडला की त्याच्यावर दोन संकटे कोसळतात. एक दुखण्याचे, दुसरे मालकाचे. महिन्याचे वीस दिवस भट्टीपुढे काढून तो अंथरूण धरतो. घरचे कोणी पगार मागायला गेले की उत्तर ठरलेले, "आधी त्याला कामावर येऊ दे, मग बघू." आम्ही विचारतो, त्या वीस दिवसांच्या घामाचा आणि नंतरच्या तापाचा संबंध काय?

कायदा स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिलाच पाहिजे. खाडा झाला तर तेवढ्याच दिवसांचे पैसे कापता येतात. कामावरून काढले तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. थकलेल्या पगाराचा दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो, वर दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. आणि पगार दिला हे सिद्ध करायचे ते मालकाने!

ईएसआयचेही तेच. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकाचा पाऊण टक्का दरमहा कापला जातो. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के दराने पैसे मिळतात. पण पैसे कापून कार्डच हातात दिले नसेल, तर त्याला दरोडा नाही तर काय म्हणायचे?

आता कडू बोलतो. असे मालक सगळे परके नाहीत. १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत पुढे चालणारे, गणेशोत्सवाची मोठी पावती फाडणारेही त्यांत आहेत. फलकावर मराठी हवी आणि पगारपत्रकावर मराठी माणूस उपाशी, ही कसली अस्मिता? कामगाराचे पैसे बुडवून दिलेली वर्गणी मंडळांनी घेऊ नये.

कन्नड अर्जाच्या धास्तीने कामगार खात्याची पायरी न चढणाऱ्यांना अर्ज लिहून देणे हे आपल्या शिकलेल्या तरुणांचे काम आहे. कामगार बंधू-भगिनींनो, हजेरी कार्ड, पासबुक, डॉक्टरचा दाखला जपून ठेवा. मालकाकडे लेखी मागणी करा, पोच घ्या. तोंडी विनवण्या पुष्कळ झाल्या. पगार ही कोणाची मेहरबानी नव्हे, तो हक्क आहे!