बाटली राहू द्या, काकवी आणा

आजोबा नातवाला ओळखेनासे झाले की आपण म्हणतो, वय झालं. फक्त वयानं असं होत नाही. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या दर शंभरांत सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते. आधी डॉक्टर गाठा. थायरॉईड किंवा बी-१२ कमी असल्यानंही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहे.

सुगंधी तेलानं हा आजार बरा करतो म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका. २०२० साली कॉक्रेन संस्थेनं ७०८ रुग्णांवरच्या १३ चाचण्या तपासून पाहिल्या. ठाम फायदा हाती लागला नाही. तरी वासाला टाकाऊ ठरवू नका. नाकाची वाट मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या जागेला फार जवळची आहे.

फक्त वास त्यांच्या आयुष्यातला हवा. केडगाव-यवतकडं गुऱ्हाळावर जन्म काढलेल्या माणसाला लॅव्हेंडर काय कळणार? त्यांच्यापुढं वाटीभर कोमट काकवी धरा. साखरेचा आजार असेल तर नुसता वास. शिरूरच्या कोरडवाहू गावातल्या आजीला चुलीवरची बाजरीची भाकरी, दौंडला रेल्वेत राबलेल्या आजोबांना ग्रीस लागलेलं जुनं फडकं. सूनबाई नाक मुरडतील, मुरडू द्या.

टीव्ही बंद करा. एका वेळी एकच वास, चार-पाच मिनिटं. "ओळखा बरं कशाचा?" अशी परीक्षा घेऊ नका. आपणच म्हणावं, "बाबा, गुळाचं आधण उतरलं वाटतं," आणि चेहरा बघावा. कपाळाला आठी पडली की वाटी बाजूला. सुकडीचा वास एखाद्याला गोड लागेल, तर एखादीला बहात्तरच्या दुष्काळात ती खाऊन फोडलेली खडी आठवेल.

या आजारात नाकही लवकर मंदावतं. गॅस गळला तरी त्यांना कळणार नाही, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद करा. कापूर आणि तेलाच्या बाटल्या कुलपात ठेवा. कापूर पोटात गेला तर फिट येते. दमेकऱ्याजवळ उदबत्ती नको. अडचण आली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

वास आलाच नाही तरी आजीपुढं परात सरकवा. पिठात हात घालतील तर घालू द्या, भाकरी वाकडी झाली तरी.