जाळीवाली नळी

तेलाच्या टाक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिवडीत जुन्या पद्मिनी मोटारीला स्टीलच्या जाळीची पेट्रोल-नळी बसवण्याची हौस कुणाला झालीच, तर कसोटी कापण्यात आहे. वीण उसवली की तारा बोटांत घुसतात. म्हणून चिकटपट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावरूनच बारीक दातांचा हॅकसॉ चालवायचा आणि आतला भुसा हवेने उडवायचा, नाहीतर तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. मापाचा घोळ निराळा. या नळ्यांच्या फिटिंगचं माप एएन आकड्यांत असतं. एएन-६ मधला सहा म्हणजे इंचाचे सहा सोळांश, तेही धातूच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे. एएनच्या शंकूचा कोन ३७ अंश, गाड्यांच्या नेहमीच्या फ्लेअरचा ४५. काही मापांत दोन्हींचे आटे जुळतात, नट मजेत फिरतो, पण कोन जुळत नाही आणि सांधा पाझरतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या रबरावर भरवसा नको, अस्तर टेफ्लॉनचं घ्यावं. मात्र त्याला फिटिंगही त्याचीच लागते, रबरी नळीची चालत नाही. खरं सांगायचं तर पद्मिनीच्या यांत्रिक पंपाचा दाब इतका कमी, की तिला जाळीची गरजच नाही. साधी, इथेनॉलला टिकणारी नळी आणि चांगली क्लिप पुरते. पण बॉनेट उघडल्यावर क्लिपकडे कोण बघतं?