बंद वायपर आणि चालू प्रात्यक्षिक

गेल्या जुलै महिन्यात, संध्याकाळी सातच्या सुमारास, चोर्ला घाटात माझ्या जुन्या मारुती ८०० चा वायपर काचेच्या मध्यावर थबकला, तो थबकलाच. कणकुंबीच्या पुढचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक वर्णन नको. काचेपलीकडे ना रस्ता दिसत होता ना दरी. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे तेवढे पाण्यात विरघळल्यासारखे वाटत होते. मागच्या सीटवर आई होती. खिडकीतून डोके बाहेर काढून मी गाडी कशीबशी एका चहाच्या टपरीपर्यंत नेली आणि पाऊस ओसरेपर्यंत दीड तास आम्ही तिथे बसून राहिलो.

खिडकीतून डोके काढून गाडी हाकण्याचा हा प्रकार फार जुना आहे. १९०३ च्या सुमारास अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये पाहिले, की बर्फाळ पावसात ट्रामचा चालक समोरची काच उघडून, थंडीने कुडकुडत ट्राम चालवतो आहे. त्यांनी आतून दांडीने फिरवता येईल अशा पुसणीची योजना आखली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचे पेटंट मिळवले. पुढे त्यांना त्यातून पैसा मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी. सांगायचे एवढेच, की शंभराहून अधिक वर्षांनी मी पुन्हा त्या ट्रामचालकाच्या जागी बसलो होतो, आणि चूक यंत्रापेक्षा माझी जास्त होती.

कारण वायपरची मोटर नवी होती! जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी बसवलेली. जूनमध्ये वायपर मंदावत मंदावत बंद पडला, तेव्हा गॅरेजमधल्या मुलाने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, “मोटर गेली, सर.” मी पैसे मोजले. चार दिवसांनी फ्यूज उडाला. त्याने नवा घातला. तोही उडाला, तेव्हा त्याने १५ अँपिअरच्या जागी ३० चा घातला. फ्यूज उडायचा थांबला आणि आम्ही दोघेही समाधान पावलो. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून मी गेली एकोणीस वर्षे फळ्यावर फ्यूजचे कार्य लिहून देत आलो आहे, हे वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

घाटातून परतल्यावर एका वयस्क वायरमनकडे गाडी नेली. मी आल्या आल्या मोटरचे पुराण सुरू केले. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, “मोदल नोड्री, सर.” आधी बघा तरी! मग त्यांनी जे केले ते मी नीट पाहिले, आणि तेच इथे सांगतो आहे.

त्यांनी किल्ली फिरवून वायपरचे बटण दाबले आणि नुसते कान देऊन ऐकले. मोटर गुणगुणते पण पाते हलत नाही, म्हणजे वीज येते आहे. दांड्यांचा सांधा निसटला असेल किंवा पात्याच्या बुडाशी असलेला नट ढिला झाला असेल. एकच पाते हलते, दुसरे नाही, तर बहुधा त्या दुसऱ्याचाच नट. जलद गतीवर चालतो पण मंद गतीवर नाही, तर मोटरमधला एक कार्बन झिजल्याचा संशय घ्यावा. बटण बंद केल्यावर पाते खाली येऊन न बसता काचेच्या मध्येच थांबते, तर मोटरच्या पोटातला, तिला ठराविक जागी थांबवणारा संपर्क बिघडलेला. आणि काहीच आवाज नाही, तर फ्यूज, बटण, कपलर, अर्थची तार, असे क्रमाने पुढे जायचे.

आमच्या गाडीत आवाज नव्हता. त्यांनी बारा व्होल्टचा एक बल्ब काढला, दोन तारा जोडलेला. मी माझा डिजिटल मीटर पुढे केला, तर ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला नंतर उमगला. मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. तारेचे सारे पदर कुजून एकच उरला तरी तो ऐटीत बारा व्होल्ट दाखवतो. बल्बला खरा प्रवाह लागतो, त्यामुळे अशी तार त्याच्यापुढे उघडी पडते. इथे बल्ब लख्ख पेटला. वीज मोटरपर्यंत येत होती, म्हणजे मोटर खरोखरच जळली होती. दुसरी!

इथे गॅरेजवाल्या मुलाची चौकशी संपली असती. यांची सुरू झाली. त्यांनी किल्ली काढून घेतली (हे विसरू नये, बोटे दांड्यांत असताना मोटर फिरली तर बोटांची खैर नाही), मोटरपासून दांड्या सोडवल्या आणि वायपरचे पाते हाताने हलवून पाहायला मला सांगितले. ते हलेना. पाती ज्या खुंट्यांवर फिरतात त्या काचेखालच्या बुशांत, वर्षानुवर्षे पाणी झिरपून, गंजाने धरल्या होत्या. जूनमधली मोटरही त्यांनीच मारली होती आणि जुलैमधलीही.

अडलेली मोटर फिरत नाही, फिरत नाही म्हणून बॅक ई.एम.एफ. निर्माण होत नाही, आणि मग प्रवाहाला अडवायला गुंडाळीचा नुसता रोध उरतो. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट. हे फ्यूज आम्हांला दोनदा सांगत होता. आम्ही त्याचे तोंड बंद केले. गंज सोडवणारे तेल, मग ग्रीस, तेवढ्याने खुंट्या मोकळ्या झाल्या. मोटर मात्र पुन्हा विकत घ्यावी लागली.

त्या मुलाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्याला कोणी तपासायला शिकवलेच नव्हते, आणि भाग बदलून द्यावा अशी गिऱ्हाइकांची घाई असते. प्रश्न आमचा आहे. आमच्या प्रयोगशाळेत ओहमच्या नियमाचा जो फळा आहे त्याचे प्रत्येक टर्मिनल ठीक असते, नसेल तर प्रयोगशाळा सहायक ते आदल्या दिवशी ठीक करून ठेवतो. विद्यार्थ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. वाचने उत्तराला जुळेपर्यंत वाकवण्याची कला मात्र तो तीन वर्षांत उत्तम शिकतो. बिघडलेले यंत्र समोर ठेवून “काय झाले असेल?” असा प्रश्न त्याला पदवी मिळेपर्यंत कोणी विचारत नाही. आम्हांलाही कोणी विचारला नव्हता, म्हणून मी घाटात बसलो.

माझे म्हणणे असे, की प्रत्येक तुकडीच्या निदान दोन प्रात्यक्षिकांत मुद्दाम बिघडवलेले मंडल द्यावे, आणि गुण दोष सापडल्याबद्दल नव्हे तर शोधाच्या क्रमाबद्दल द्यावेत: काय ऐकले, काय तपासले, कशावरून काय वगळले. सहकाऱ्यांच्या हरकती मी ऐकल्या आहेत. अभ्यासक्रमात हे नाही, हे खरे. यंत्रे मोडतील, हेही खरे. पण ती मोडकीच आणायची आहेत, भंगारवाल्याकडे ढीग पडला आहे. परीक्षकाला गुण देणे अवघड जाईल, ही हरकत मात्र मला पटते, आणि तिच्यावर माझ्याजवळ अद्याप तोडगा नाही.

तूर्त माझ्या दोन्ही जळक्या मोटरी, गंजलेल्या खुंट्यांच्या जुन्या जोडीसह, प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली त्यांच्याशी बराच वेळ खटपट करीत होत्या. एकीने विचारले, “सर, दोन्ही मोटरी एकसारख्याच जळल्या आहेत, मग दोष मोटरचा कसा?” मी काही बोललो नाही. ती खुंटी हातात घेऊन फिरवून पाहू लागली.