वॉटर स्कूटरचा प्लग: आधी नंबर, मग पाना

मैत्रिणींनो, स्वयंपाकघर आणि शिवणकाम सोडून आज आपण जरा समुद्रावर जाणार आहोत. मालवणच्या बाजूच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरच्या दोन वॉटर स्कूटर, म्हणजे जेट स्की, पर्यटकांसाठी चालतात. चालवणारे यजमान आणि दीर. हिशेब आणि सामानाची खरेदी मात्र यांच्याकडे. त्या लिहितात, ‘प्लग सारखे बदलावे लागतात. दुकानदार म्हणतो, आटे बसले की झाले, कुठलाही न्या. परवा मागे गिऱ्हाईक बसलेले असताना गाडी दर्यात बंद पडली आणि दोरीने ओढून आणावी लागली. दोष प्लगचा की इंजिनाचा?’

प्रश्न पैशांचा आहे आणि जिवाचाही. रस्त्यात स्कूटर बंद पडली तर ती ढकलत नेता येते, दर्यात ती सोय नाही. तेव्हा नीट समजून घेऊ.

‘आटे बसले की झाले’ हे खरे नाही. प्लगवरची अक्षरे ही त्याची जन्मपत्रिकाच समजा. सी-डूच्या कित्येक जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना एनजीकेचा ‘बीआर८ईएस’ लागतो. यात ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर जाडीचे आटे. ‘आर’ म्हणजे आत रोधक आहे. तो नसला तर ठिणगीचा त्रास इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक भागांना होऊ शकतो. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. आता ‘बीआर८एचएस’ घेतला, तर आटे तेच, पण लांबी १२.७ मिलिमीटर! लांब प्लगाच्या जागी हा आखूड बसवला, तर ठिणगी आतल्या खोबणीतच पडते आणि उरलेल्या आट्यांत काजळी धरते. उलट आखूड प्लगाच्या जागी लांब बसवला, तर तो पिस्टनवर आदळू शकतो. त्याच कंपनीच्या १५०३ सीसी फोर-स्ट्रोक इंजिनाला ‘डीसीपीआर८ई’ लागतो. त्याचे आटे १२ मिलिमीटरचे आणि पानाही वेगळा, १६ नंबरचा.

मधला आकडा उष्णतेचा. प्लगचे टोक साधारण ४५० ते ८०० अंश सेल्सियसमध्ये राहिले, तर काजळी आपोआप जळते. त्याहून थंड राहिले तर काजळी साठते. फार तापले तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलट. म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नका, बरं का! गाडीच्या पुस्तिकेत दिलेला नंबर डायरीत लिहून ठेवा आणि दुकानात तोच मागा. पुस्तिका नसेल, तर गाडीचे मॉडेल आणि साल सांगून अधिकृत विक्रेत्याकडून नंबर काढून घ्या. जुना प्लग नमुना म्हणून नेऊ नका. तोच चुकीचा असला तर?

आता बसवण्याची कृती.

१. इंजिन थंड होऊ द्या. सुरक्षा-दोरी काढून ठेवा. सीट उघडून थोडा वेळ हवा खेळू द्या. पोटात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. जवळ विडी-काडी नको.

२. प्लगाभोवतीची वाळू आणि मीठ फुंकून, पुसून काढा. एक कण आत गेला तरी सिलिंडरवर ओरखडा उठतो.

३. वायर ओढू नका, टोपी धरून काढा. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा, ते ओळीने मांडून ठेवा.

४. नव्या प्लगची फट फीलर गेजने मोजा. ती पुस्तिकेप्रमाणे नसेल, तर बाहेरची वाकडी पट्टीच हलकेच वाकवा, मधल्या दांडीला हात लावू नका. इरिडियमचा प्लग असेल तर फट बदलायच्या फंदात पडू नका.

५. प्लग आधी हातानेच फिरवा. अडला तर जोर न करता काढून पुन्हा सरळ लावा. इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते. आटे तिरपे गेले, तर प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. वॉशर टेकला, की नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा पाळावा.

६. टोपी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा.

ठिणगी पाहायला प्लग बाहेर लोंबकळत ठेवून इंजिन फिरवायची सवय अनेकांना असते. जेट स्कीत ती अगदी टाळा, वाफ पेटेल. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदांहून जास्त चालवू नका.

आता पत्रातला मूळ प्रश्न. जुन्या प्लगचे तोंड पाहा, तेच उत्तर देईल. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा प्लग गरजेपेक्षा थंड आहे. तेलकट काळा असेल, तर टू-स्ट्रोकमध्ये तेलाचे प्रमाण तपासा. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र तेल आत शिरते आहे, हे मेकॅनिकचे काम. पांढरा, फोड आलेला असेल तर इंजिन तापते आहे. पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला, तर गाडी त्या दिवशी दर्यात घालूच नका.

बरोबर नंबरचा प्लगही पुन्हा पुन्हा खराब होत असेल, तर दोष प्लगचा नव्हे. तोवर नवे प्लग घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. प्रत्येक गाडीसाठी वहीचे एक पान ठेवा: तारीख, इंजिनाचे तास, प्लगचा नंबर आणि काढलेल्या प्लगचा रंग. मेकॅनिकपुढे ते पान ठेवलेत, की ‘बघू, करू’ असे म्हणायला त्याला जागा उरणार नाही. आणि गाडीबरोबर पाठवायच्या डब्यात प्लगचा एक जोड आणि पाना कोरड्या पिशवीत बांधून द्यायला विसरू नका.