एका शेऱ्याची किंमत

काही वर्षांपूर्वी दिल्लीत माझ्यापुढे एक नस्ती आली. एका उमेदवाराची निवड झाली होती. परंतु पोलीस पडताळणीच्या अहवालात ‘पूर्वी गुन्हा दाखल’ असा शेरा होता आणि साक्षांकन पत्रात त्याने त्याचा उल्लेख केला नव्हता. माहिती दडविली, सबब उमेदवारी रद्द करावी, असा प्रस्ताव खालून आला. मी ‘सहमत’ लिहून सही केली.

महिन्याभराने त्याचे निवेदन आले, सोबत जन्माचा दाखला. २०१७ साली शाळेबाहेर मुलांची हाणामारी झाली तेव्हा तो सोळा वर्षांचा, अकरावीचा विद्यार्थी होता. त्यात सारेच अल्पवयीन आणि इजाही किरकोळ. पोलिसांना बोलावले होते ते शाळेनेच.

त्या दिवशी मी बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रथमच नीट वाचला, हे कबूल करताना संकोच वाटतो. या कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील आठवा नियम स्पष्ट आहे. अपराध अतिगंभीर असेल किंवा प्रौढांसोबत केल्याचा आरोप असेल, तरच बालकाविरुद्ध एफआयआर नोंदवावा. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवावा. किरकोळ प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत, वाढीव मुदत धरून फार तर सहा महिन्यांत न संपल्यास ती आपोआप संपुष्टात येते. कलम २४ नुसार, मोजके अपवाद वगळता, दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे मूल पुढे कशासाठीही अपात्र ठरत नाही. २०१९ मध्ये रमेश बिष्णोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व नोकरीला लागू केले. म्हणजे मी सही केली तेव्हा कायदा आणि निकाल दोन्ही अस्तित्वात होते. नव्हते ते माझे वाचन.

कायदा असा उदार असता मुले या चक्रात अडकतात का? अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला उत्तर खर्चाच्या वाटणीत दिसते. पोलिसांना दूरध्वनी करणाऱ्या मुख्याध्यापकांना त्याची किंमत मोजावी लागत नाही. उलट जबाबदारी टळते. एफआयआर लिहिणारा ठाणेदार निर्धास्त राहतो. ‘सहमत’ लिहिणारा अधिकारीही सुरक्षित असतो. सारा खर्च सोळा वर्षांच्या मुलाच्या नावे पडतो, आणि तोही वसूल होतो काही वर्षांनी. त्यातच, शाळेतून काढून टाकण्यास मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ प्राथमिक शिक्षण संपेपर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंतच लागू आहे. ज्या वयात पाय घसरतो, नेमके त्याच वयात ते संरक्षण संपते.

गंभीर अपराधांकडे डोळेझाक करावी, असे मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. पण किरकोळ प्रकरणांसाठी तीन साध्या गोष्टी करता येतील. शाळेने आधी पालक व समुपदेशक यांना बोलावावे आणि पोलिसांची गरज भासलीच, तर ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यालाच कळवावे. अठरा वर्षांखालील मुलावर एफआयआर नोंदविणाऱ्याने आठव्या नियमातील कोणता अपवाद लागू होतो, हे लेखी द्यावे. आणि साक्षांकन पत्रात ठळक अक्षरांत एक ओळ छापावी: अल्पवयातील, कायद्याने पुसून टाकलेली प्रकरणे येथे नमूद करण्याची आवश्यकता नाही. या ओळीला अर्थसंकल्पीय तरतूद लागत नाही.

त्या उमेदवाराची नस्ती मी पुन्हा उघडली. विधी शाखेच्या अभिप्रायानंतर त्याला नियुक्ती मिळाली, पण अकरा महिन्यांनी. तोवर त्याच्या तुकडीचे प्रशिक्षण संपले होते. रुजू होताना तो आभार मानायला आला. त्याने माझे आभार मानावेत असे मी काहीच केले नव्हते, हे त्याला सांगण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही.