नकुशीचं चित्र कसं काढणार?

मेक्सिकोतले नाहुआ लोक माणसाचं नाव चित्राने लिहीत. राजा चिमालपोपोका म्हणजे धूर निघणारी ढाल, इत्झकोआत्ल म्हणजे पाठीवर काचदगडाची पाती असलेला साप. सोळाव्या शतकातल्या त्यांच्या घरोघरच्या नोंदींत बायकांची नावं मात्र बहुतेक नुसत्या क्रमाची: तेयाकापान थोरली, त्लाको मधली, शोको धाकटी.

मैत्रिणींनो, मला आपल्या सातारा-सांगलीकडची नकुशी आठवली. मुलगा जगावा, नजर लागू नये म्हणून त्याला धोंडू, दगडू म्हणत. त्यात माया होती. तिसऱ्या-चौथ्या मुलीला नकुशी म्हणायचं ते पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. तिचं चित्र काय काढणार? पाठ फिरवलेला बाप?

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली. त्या समारंभाला मी नावं ठेवणार नाही. हा प्रश्न निदान चारचौघांत आला. पण हाक मारणाऱ्या तोंडांचं काय? मला भेटलेली एक मुलगी शाळेच्या पटावर नव्या नावाची, घरात आणि रेशनकार्डावर नकुशीच. पुढे लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने तिसरंच नाव लिहिलं. तिन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही.

आपल्या मंडळांनी पुढच्या बैठकीला गावातल्या नकुशींना बोलवावं. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड समोर ठेवून बसावं, आणि नाव त्यांचं त्यांनाच सुचवू द्यावं.